रात्रीत न मुरणारा हात

वेताच्या खुर्च्या विणायच्या आपल्या कारखान्यात मावशींनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो एका खुर्चीला कान लावून बसला होता. त्याची थोरली बहीण जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची विणायला टाकायला आली होती. ती पडदे शिवायची, त्यामुळे तिची नि मावशींची जुनी ओळख. दोघींचं बोलणं चाललं होतं आणि हा मागे राहिला होता. विणून तयार झालेल्या खुर्च्यांच्या रांगेत तो गुडघ्यांवर बसला होता आणि बैठकीची एकेक वेताची पट्टी नखाने छेडत होता.

"ही सैल आहे," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला.

मावशींनी चष्मा लावून पाहिलं. खरंच एक उभी पट्टी भोकात पुरती ओढलेली नव्हती. वर्षभरात ती लोंबली असती. खुर्ची काकांनी विणली होती. काका कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. वयाने मावशींहून मोठे, पण सगळे म्हणतात म्हणून तेही त्यांना मावशीच म्हणत.

"घ्या," काका जागेवरूनच म्हणाले. "आता खुर्च्यांची नाडी बघणारे वैद्यही आले."

तो ओशाळून उठला. पस्तिशीचा असेल. उंच, खांद्यात वाकलेला, आणि नजर अशी की समोरच्याकडे पाहता पाहता मध्येच विझायची आणि पुन्हा लागायची. हात मात्र सुंदर होते. लांब बोटं, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मावशी माणसाचे आधी हात बघत. चेहरा नंतर, सवड झाली तर.

"माझा धाकटा भाऊ," ताई म्हणाली. मग आडपडदा न ठेवता पुढचंही सांगून टाकलं, कारण लपवून ठेवलेलं कधी ना कधी उकरलं जातंच, हे ती पुरती शिकली होती. "कोकेन घ्यायचा. आता सोडलंय. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय. माझ्याकडेच असतो. हाताला काम हवंय त्याच्या."

भाऊ खाली पाहत होता. मावशींनी एवढंच विचारलं, "वेत भिजवायला येईल?"

"सांगितलं तर येईल."

"मग उद्या ये."

त्याची मागची हकीकत मावशींना हळूहळू कळली, बरीचशी त्याच्याच तोंडून. कित्येक वर्षं तो हॉटेलांतल्या आणि रंगमंचावरच्या कार्यक्रमांचा आवाज सांभाळायचा. माइक, वायरी, बटणांचा तो भला मोठा पाट. काम उजाडता संपायचं आणि दुपारी पुन्हा सुरू व्हायचं. कुणीतरी म्हणालं, ही पूड ओढ, झोप जाते. "आणि जाते, मावशी. ते खोटं नव्हतं. फक्त ती कुठे जाते आणि परत कधी येते, ते कुणी सांगितलं नाही." आधी अधूनमधून, मग आठवड्याच्या शेवटी, मग शेवट-सुरुवात काही राहिलंच नाही. सलग जागायचं आणि मग ओंडक्यासारखं पडायचं. पुढे पुढे आताच जोडलेली वायर कुठली, हेही आठवेना. तळहातावर लिहून ठेवू लागला, आणि मग हात धुऊन टाकायचा. एका समारंभात भाषण करणाऱ्याचा माइक त्याने बंद ठेवला आणि पडद्यामागे भांडणाऱ्या नवराबायकोचा चालू. लोक पोट धरधरून हसले. काम मात्र त्याच दिवशी सुटलं.

कारखान्यात त्याला 'साउंडवाले' हे नाव पडलं. अर्थात काकांकडून.

मावशींच्या कारखान्यात शिकवण्याची एक रीत होती. त्यांना ती त्यांच्या सासऱ्यांकडून मिळालेली. नवीन वीण दाखवायची ती दिवसाच्या शेवटच्या तासात. शिकणाऱ्याने एकच ओळ करायची, कशीही वेडीवाकडी. मग पट्ट्या भोकात पक्क्या करायच्या खुंट्या बाजूला ठेवायच्या, हात धुवायचे आणि घरी जायचं. घरी दोरी घेऊन सराव करायचा नाही, मनात घोकायचंही नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, चहाच्याही आधी, तीच ओळ न विचारता विणायची. आणि गंमत अशी की संध्याकाळी जो हात अडखळत होता, तो सकाळी आपसूक चालायचा. "शिकवणं आपलं, मुरवणं झोपेचं," सासरे म्हणायचे. मावशींनी या रीतीवर कितीतरी कारागीर घडवले होते. सकाळी हात चालला नाही, तर त्याचा अर्थही ठरलेला असायचा: हा माणूस रात्री झोपलेला नाही. कुणी दुसरीकडे रात्रपाळी करत असे, कुणी पत्ते कुटत असे. एकाचं लग्नाआधीचं प्रकरण मावशींनी निव्वळ त्याच्या तिरप्या विणीवरून ओळखलं होतं. कारखान्यात ही गोष्ट अजून चवीने सांगितली जाते.

साउंडवाल्याने वेत भिजवणं, पट्ट्या सोलणं, भोकं साफ करणं पटकन उचललं. जोडीजोडीने ओढायच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्याही जमल्या, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं फार नसतं. मग आली तिरपी वीण. खुर्चीच्या बैठकीचा सगळा जीव तिच्यात. एका दिशेची तिरपी पट्टी उभ्या जोडीच्या वरून आणि आडव्या जोडीच्या खालून जाते, दुसऱ्या दिशेची बरोबर उलट. सांगायला सोपं. पण बोटांना ते डोक्याला न विचारता कळावं लागतं, नाहीतर माणूस दर भोकाशी थांबून विचार करत बसतो आणि वेत वाळून जातो.

संध्याकाळी मावशींनी दाखवलं. त्याने ओळ केली, आणि ती वाईट नव्हती. सकाळी तो खुर्चीसमोर बसला आणि तसाच बसून राहिला.

"वरून का खालून, मावशी?"

"काल तूच केलंस की."

"मी केलं?" त्याने कालच्या ओळीकडे पाहिलं. परक्याच्या घराकडे पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी हात चालायचा, सकाळी पाटी कोरी. वर आणखी एक गोष्ट होती, जिने मावशी जास्त अस्वस्थ झाल्या. विचारलं की तो म्हणायचा, "झोप? एकदम झकास. केंद्रातून आल्यापासून इतकी छान झोप आयुष्यात लागली नव्हती. मेल्यासारखा झोपतो."

"मग झोपेतून फक्त तुम्ही उठून आलात," काका म्हणाले. "हात तिथेच राहिला."

सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मावशी हसल्या नाहीत. ज्याची झोप झकास त्याचा हात चालायलाच हवा, हे त्यांना पहाटेनंतर उजाडतं तितकं पक्कं माहीत होतं. म्हणजे एक तर रीत खोटी, नाहीतर माणूस खोटा. रीत इतक्या वर्षांत कधी खोटी ठरली नव्हती.

म्हणून ताई खुर्ची न्यायला आली तेव्हा त्यांनी विचारलं. चांगल्या हेतूनेच विचारलं. "रात्री घरी असतो का गं तो?"

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "का?"

"हात सांगतोय, रात्री झोपत नाही म्हणून. इथे मात्र म्हणतो, मेल्यासारखा झोपतो."

ताई खुर्ची उचलून निघून गेली. पैसे द्यायचे राहिले, तेही तिच्या लक्षात आलं नाही. असं तिच्या हातून कधी होत नसे.

आठवड्याने ती पुन्हा आली. दुपारची वेळ होती, भाऊ मागच्या अंगणात टाकीत वेत बुडवत होता. ती उभ्या उभ्याच बोलू लागली.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी माझं अंथरूण बाहेरच्या दाराशी घातलं. नवऱ्याला सांगितलं, आत उकडतं. भाऊ दारापर्यंतही आला नाही, मावशी. एकदाही नाही."

"मग चांगलंच आहे की."

"कसलं चांगलं? म्हणजे तो घरातच घेतोय. खोली उलटीपालटी केली मी, काही सापडलं नाही. पण काल मी दूध आणायला सांगितलं, तो दुकानाशी जाऊन तसाच परत आला. कशाला गेलो होतो, म्हणतो. तेव्हाही असंच असायचं. सगळं असंच सुरू झालं होतं." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "घरात माझी लहान मुलगी आहे. मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, पुन्हा एकदा झालं तर माझं दार बंद. रविवारी त्याला जायला सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

बादली घेऊन तो दारात उभा होता. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

"मी घेतलेलं नाही, ताई."

"बरं."

"तपास ना. लघवी तपास, रक्त तपास, काय हवं ते तपास."

"मागे एकदा दुसऱ्याची बाटली भरून दिली होतीस तू," ताई म्हणाली. "मीच नेऊन दिली होती ती. हातात धरून, जपून."

त्याने बादली खाली ठेवली. ओले हात कुठे पुसावेत हे न सुचल्यासारखा तो ते तसेच धरून उभा राहिला. मावशींना तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की चोरी पकडलेला माणूस असा दिसत नाही. चोरी पकडलेला माणूस बोलतो, फार बोलतो. हा तर भ्यालेला दिसत होता. आणि त्याला भीती ताईची नव्हती.

"रविवारला अजून अवकाश आहे," मावशी म्हणाल्या. "त्याआधी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना भेटू. तिघंही जाऊ. बाटली त्यांच्यासमोर भरायची. आणि दार घराबाहेर काढण्यासाठी असतं तसं आत घेण्यासाठीही असतं, हे तुला मी सांगायला नको."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ताईचं रागाचं, त्याचं तुटक. मावशींनी संकोचत कारखान्याची रीत सांगितली, तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणजे आदल्या संध्याकाळी शिकलेलं सकाळी सुधारलेलं दिसायला हवं, आणि यांचं दिसत नाही?"

"सुधारलेलं सोडा. असलेलंही जातं."

"आणि तुम्ही म्हणता झोप छान लागते," त्या त्याच्याकडे वळल्या.

"लागते," तो म्हणाला. "देवाशपथ लागते."

त्यांनी नमुना घेण्याची व्यवस्था केली, डोळ्यांदेखत, आणि शिवाय एका रात्रीपुरतं त्याला रुग्णालयात झोपायला बोलावलं. डोक्याला, गालाला, पायाला वायरी लावून झोपेची नोंद घेतात, तिथे. वायरी म्हटल्यावर तो त्या दिवसांत पहिल्यांदाच जरा खुलला. नंतर कळलं, तंत्रज्ञाची एक वायर सैल होती ती त्यानेच दाखवून दिली आणि वर सांगितलं, "या जोडणीने तुम्हाला माझ्या झोपेऐवजी पंख्याची घरघर मिळेल."

निकालाच्या दिवशी ताई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, जणू केव्हाही उठून जायचं आहे.

"नमुना स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केंद्रात मागच्या महिन्यात दिलेलाही होता. यांनी काही घेतलेलं नाही."

ताईने नुसतं "हं" केलं. अजून तिचा विश्वास बसायचा होता.

"आता झोपेचं. त्या रात्रीची झोप कशी झाली होती?"

"मस्त," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर बारीक रेघांची रानं उगवली होती. "तुम्ही रात्रभर अंथरुणावर होतात, हे खरं. पण मध्ये मध्ये कितीतरी वेळा जागे झालात, त्यातलं तुम्हाला काही आठवत नाही. एकूण झोप फार कमी. आणि जिला गाढ झोप म्हणतात ती जवळजवळ नाहीच."

"पण मला तर वाटतं..."

"वाटतं, हो. तिथेच फसगत आहे. वर्षानुवर्षं कोकेन घेतल्यावर ते सोडणाऱ्यांमध्ये हे दिसतं. पूर्वीच्या मानाने बरं वाटत असतं, म्हणून माणूस मनापासून सांगतो की झोप सुधारली. नोंद घेतली की उलटंच निघतं. पहिले काही आठवडे झोप बिघडतच जाते, आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो."

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता," ताई हळूच म्हणाली.

"नाही. चुकीचं बोलत होता. दोन्हींत फरक आहे."

मावशींनी विचारलं, "आणि हात?"

"दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. त्यामुळे सकाळी हात कोरा, यात नवल नाही. सगळं खापर झोपेवर फोडणार नाही मी. कोकेन लक्ष आणि स्मरण यांनाही वेगळा धक्का देतं."

"बरं होईल का?" हे त्याने विचारलं. विचारताना तो पडद्याकडेच पाहत होता.

"सोडून राहिलात तर बऱ्याच जणांचं सुधारतं. काहीजणांचं थोडंफार मागे राहतं. किती दिवस, ते सांगणार नाही. सांगितलं तर भिंतीवर रेघा मारत बसाल."

तो हसला. "म्हणजे मी वेडा नाही."

"तसं मी काही म्हटलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सफरचंद उचललं.

आणि मग ताई हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला ते आवरेना. भावाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. पुष्कळ दिवसांनी मानेवरचं जू कुणी उतरवावं, तशी ती खुर्चीत मागे टेकून बसली.

बाहेर पडल्यावर रस्त्यात मावशी म्हणाल्या, "मी रात्रीचं बोलले ते चुकलंच. रीत बरोबर होती, अर्थ चुकीचा लावला."

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात की हा झोपत नाही. खरंच झोपत नव्हतो की." थोडं चालून झाल्यावर तो पुन्हा बोलला. "मला वाटलं होतं, डोकं जळालं. कायमचं. सकाळी ती ओळ पाहिली की आपण केलीय असं वाटायचंच नाही. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर ताई म्हणाली असती, बघा, पुन्हा सुरू झालं."

"म्हणालेच असते," ताई म्हणाली. "चल आता. दूध घ्यायचंय. आठव तुझं तू."

पुढचे महिने सरळ गेले असं नाही. डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेलं त्याने पाळलं. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली, दुपारी डुलकी नाही, दुपारनंतर चहा नाही. चहाचं त्याला फार जड गेलं. मधूनच त्याला त्या पुडीची इतकी आठवण यायची की तो काम टाकून अंगणात जाऊन उभा राहायचा. तेव्हा कुणी त्याच्या मागे जात नसे. मावशींनी त्याची बसायची जागा खिडकीपाशी हलवली, उजेडात. आणि त्याच्यापुरती रीत बदलली: रोज सकाळी तिरपी वीण पहिल्यापासून, नव्याने, जणू तो आजच आला आहे. टोमणा नाही, कालचं काढायचं नाही.

टोमणा नाही हे काकांना कळायला वेळ लागला. "आज नवीन शिकाऊ आलाय वाटतं," ते रोज म्हणायचे. पण काही दिवसांनी त्यातला काटा गेला आणि नुसती थट्टा उरली. "या साउंडवाले, बसा. कोण आपण? कुठून आलात?" तोही उत्तर द्यायचा, "आठवत नाही हो काका, तुम्हीच सांगा."

मग एका सकाळी मावशी जरा उशिरा आल्या. तो खिडकीपाशी बसला होता आणि एका हाताने मान खाजवत होता. दुसरा हात तिरपी पट्टी ओढत होता, उभ्या जोडीवरून, आडव्या जोडीखालून, पुढच्या भोकात. तो बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल पाहत होता. मावशी दाराशीच थबकल्या. काकांनी त्यांना पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

ओळ संपल्यावर त्याने खुंटी ठोकली आणि मान वळवली. "काय झालं? चुकलं?"

"कुठे काय," मावशी म्हणाल्या. "चहा सांगते. सकाळचा आहे, चालेल तुला."

सगळंच परत आलं नाही. नवीन माणसांची नावं त्याला अजून दोनदा विचारावी लागतात, आणि एका वेळी दोन कामं सांगितली तर एक हमखास राहतं. पुन्हा झोपेची नोंद घेतली तेव्हा गाढ झोपेची रेघ आधीपेक्षा लांब निघाली. पुरेशी नाही, पण लांब. डॉक्टरीणबाईंनी ती त्याला बोट ठेवून दाखवली. त्या दिवशी ताईने त्या खुर्चीची राहिलेली मजुरी आणून दिली आणि इतके महिने मागितली का नाही म्हणून मावशींनाच रागावली.

आता तिरप्या विणीचं काम कारखान्यात बहुतेक त्याच्याकडेच येतं. तो ताईच्याच घरी राहतो, पगारातून घरखर्चाला हातभार लावतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.